दिवस गेल्यापासून सव्वा महिन्यापर्यंत

मुलुंड पूर्वेला किंवा बोरिवलीच्या बाभई-वझिऱ्याच्या जुन्या गल्ल्यांत एखाद्या सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर ‘मॅटर्निटी अँड नर्सिंग होम’ची पाटी अजून दिसते. दोन फ्लॅट जोडून केलेल्या आठ-दहा खाटा, खाली औषधाचं दुकान, जिन्यात चपलांचा ढीग. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली चालणाऱ्या या जागांमध्ये उपनगरातल्या मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या जन्मल्या. ज्यांना हे परवडत नव्हतं त्यांनी महापालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घातलं. त्याच्या वर उपनगरी रुग्णालयं: घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर, कांदिवलीचं शताब्दी, बोरिवलीचं भगवती, मुलुंडचं अगरवाल. आणि काही बिनसलंच तर शहराकडे धाव: सायन, केईएम, वाडिया.

ही सगळी उतरंड प्रसूतीच्या एका दिवसासाठी रचलेली आहे, आणि त्या दिवसाचं काम तिने चांगलं केलं हे आधी मान्य करायला हवं. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता. २०२० मध्ये राज्यात हजार जन्मांमागे ११ बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गेली, देशात २०. पण दिवस गेल्यानंतरचे पहिले बारा आठवडे आणि बाळ जन्मल्यानंतरचे पहिले चार आठवडे, ही दोन टोकं या रचनेत कधी नीट बसली नाहीत. पहिल्या टोकाला बाईने जायचं कुठे हेच ठरलेलं नाही. दुसऱ्या टोकाला यंत्रं आली, त्यांच्यामागे उभी राहणारी माणसं पुरेशी आली नाहीत. चर्चा डॉक्टरांच्या टंचाईची होते. मला मात्र दोन्ही टोकांना सिस्टरची जागा रिकामी दिसते, आणि पुढचा आढावा या मताच्या चष्म्यातूनच लिहिला आहे.

पहिल्या टोकापासून सुरुवात करू. पाळी चुकते, घरच्या पट्टीवर दोन रेघा येतात, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात डाग दिसतो. आपल्याकडे तीन महिने होईस्तोवर बातमी बाहेर सांगत नाहीत. प्रसूतिगृहात नाव घालायलाही बहुतेक घरं तेवढीच थांबतात, सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड बारा आठवड्यांच्या आत नोंदणी व्हावी असं म्हणत असलं तरी. म्हणजे ज्या काळात धोका आहे त्या काळात ती बाई कोणाच्याच वहीत नसते. रात्री अकराला रक्तस्राव वाढला तर ती अपघात विभागात पोहोचते, तिथून प्रसूतिकक्षात. शेजारच्या खाटेवर कुणाला कळा येत असतात, पलीकडे कुणाचं बाळ रडत असतं, आणि ही मधे पडून असते. तिच्या पोटातलं राहिलं आहे की गेलं, हे सकाळी सोनोग्राफी उघडेपर्यंत कळत नाही.

कळलेल्या गर्भधारणांपैकी शंभरातल्या दहा ते पंधरा पहिल्या तिमाहीतच गळतात. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांमध्ये गुणसूत्रांचा दोष असतो, म्हणजे तो गर्भ वाढणारच नव्हता. तरी घरात हिशेब मांडला जातो तो बाईच्या वागण्याचा. विरारच्या लोकलला लोंबकळली म्हणून, चौथा मजला चढली म्हणून, पपई खाल्ली म्हणून, ग्रहणात चिरलं म्हणून. लोकलच्या गर्दीबद्दल मला काडीचं प्रेम नाही, पण गाडीच्या धक्क्याने निरोगी गर्भ पडत नाही. सक्तीची विश्रांती घेतल्याने तो टिकतो असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. उपनगरात जवळजवळ सवयीने लिहून दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचंही तसंच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांना त्याचा उपयोग दिसला नाही. २०१९ च्या दुसऱ्या चाचणीत एवढंच निघालं की आधी गर्भपात झालेला असेल आणि या खेपेला रक्त जात असेल, तर थोडा फायदा होतो. म्हणजे औषध निरुपयोगी नाही, पण ज्यांना लागू पडतं त्या बायका थोड्या. बाकीच्यांना ते डॉक्टरने काहीतरी केलं असं वाटावं म्हणून मिळतं.

‘ठोके आले नाहीत’ हे वाक्य ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी पिशवी साफ करून टाकायची घाई होते. २०१३ पासून रेडिओलॉजिस्टांमध्ये मान्य झालेले निकष सांगतात की गर्भाची लांबी ७ मिलिमीटर झाली तरी ठोके नाहीत, किंवा कोष सरासरी २५ मिलिमीटरचा होऊनही आत गर्भ नाही, तरच खात्रीने नाही म्हणावं. त्याच्या आत असेल तर आठवडा-दहा दिवस थांबून पुन्हा पाहावं. पाळीची तारीख चार दिवस मागेपुढे असलेल्या बाईसाठी हे थांबणं लाखमोलाचं असतं. आणि खरोखरच गर्भ गेला असेल तरी वाट पाहणं, गोळ्या देणं आणि नळीने ओढून काढणं असे तीन मार्ग आहेत. धारदार उपकरणाने खरवडणारं जुनं क्युरेटिंग सोडून द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगते आहे. आपल्याकडे शब्दही तोच आणि पुष्कळ ठिकाणी हत्यारही तेच.

पण पहिल्या तिमाहीत जीव घेणारा प्रकार वेगळाच आहे: नळीत राहिलेला गर्भ. शंभरातली एखाद-दुसरी गर्भधारणा गर्भाशयाबाहेर रुजते, आणि त्यांतल्या नव्वदहून अधिक बीजनलिकेत. पाचव्या ते आठव्या आठवड्यात ओटीपोटात एका बाजूला दुखतं, थोडा डाग दिसतो, चक्कर येते. नळी फुटून रक्त पोटात साचलं की खांद्याच्या टोकाला दुखायला लागतं, आणि घरची माणसं त्याला वात समजून बाम चोळतात. जुना जंतुसंसर्ग, नळ्यांवर झालेली शस्त्रक्रिया, टेस्ट ट्यूब उपचार ही कारणं जगभर सारखी आहेत. आपल्याकडे त्यांत जननेंद्रियांच्या क्षयाची भर पडते, आणि क्षयाची मुंबईत कमतरता नाही. लॉसन टेट या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने फुटलेली नळी काढून बाईला वाचवलं ते १८८३ मध्ये. आज फुटण्याआधी सापडली तर पुष्कळदा मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनावर काम भागतं. सापडण्यासाठी दोन गोष्टी लागतात, योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी आणि अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने दोनदा केलेली बीटा एचसीजीची रक्ततपासणी. पहिल्या तपासणीचा आकडा एका प्रयोगशाळेचा, दुसऱ्याचा दुसरीचा, सोनोग्राफी तिसऱ्याच ठिकाणी, आणि हे तिन्ही कागद एकत्र ठेवून बाईला परवा बोलावणारं कुणीच नाही, ही उपनगरातली नेहमीची गत. अंधेरीच्या मोठ्या खासगी रुग्णालयात हे सगळं एका छताखाली होतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या किंवा आरेच्या पाड्यावरून निघालेल्या बाईला आधी रस्त्यापर्यंत यावं लागतं.

त्यात गर्भपाताच्या गोळ्यांनी नवी गुंतागुंत आणली. मिफेप्रिस्टोन आपल्याकडे २००२ पासून उपलब्ध आहे, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंत ती घेणं कायदेशीर आहे. सोनोग्राफी न करता दुकानातून गोळी आणून घेतली आणि गर्भ नळीत असला, तर पुढचं दुखणं आणि रक्त हा गोळीचाच परिणाम समजला जातो. नळी फुटेपर्यंत कुणाला शंका येत नाही. यावर उपाय म्हणून गोळ्याच दुर्मीळ करण्याची वाट महाराष्ट्राने धरली. गर्भलिंगनिदानानंतर केलेल्या बेकायदा गर्भपातात बाई दगावल्याच्या २०१२ च्या परळी प्रकरणानंतर औषध प्रशासनाच्या तपासण्या वाढल्या आणि पुष्कळ दुकानदारांनी गोळ्या ठेवणंच सोडलं. गर्भलिंगनिदान बाराव्या आठवड्याच्या पुढचं प्रकरण, गोळी नऊ आठवड्यांच्या आतली; कारवाई कशावर व्हायला हवी होती आणि कशावर झाली, याचा ताळमेळ मला आजवर लागलेला नाही.

कायद्याबाबत महाराष्ट्र नेहमी पुढे राहिला हे खरं. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा इथेच १९८८ मध्ये झाला. केंद्राचा १९९४ चा. १९७१ च्या गर्भपात कायद्यातली वीस आठवड्यांची मर्यादा चर्चेत आली तीही मुंबईत. २००८ मध्ये एका जोडप्याने, त्यांचे डॉक्टर निखिल दातार यांच्यासह, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याने चोविसाव्या आठवड्यानंतर गर्भपाताची परवानगी मागितली. उच्च न्यायालयाने ती नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मर्यादा चोवीस आठवडे केली, आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात मोठा दोष ठरवला तर ती उरलीच नाही. सुरुवातीच्या आठवड्यांच्या सेवेवर या कायद्यांचा एक आडवा परिणाम मात्र झाला. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून रुग्णालयांत सुरुवातीच्या गर्भारपणासाठी स्वतंत्र कक्ष उघडले गेले. डाग दिसला की बाई थेट तिथे जाते, आणि पुष्कळ ठिकाणी सोनोग्राफी करते ती प्रशिक्षित परिचारिकाच. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे सोनोग्राफीची काडी सिस्टरच्या हातात जाऊ शकत नाही, आणि महाराष्ट्रातला मुलींचा इतिहास पाहता ती बंधनं सैल करा असं मी म्हणणार नाही. पण वही ठेवणं, रक्त घेणं, अठ्ठेचाळीस तासांनी फोन करून बोलावणं, कुणाला आज रात्रीच थांबवून घ्यायचं ते ओळखणं, यातलं काहीही सिस्टरने करायला कायदा आड येत नाही. रक्तगट निगेटिव्ह असलेल्या बाईला, आणि आपल्याकडे शंभरात अशा पाचेक असतात, रक्तस्रावानंतर बहात्तर तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन मिळालं का, हे पाहणारं त्या घाईत सिस्टरशिवाय कुणी नसतं.

उलट्यांचा विषय थोडक्यात उरकतो. दिवसातून चार वेळा उलटी होणं हे गर्भारपण. वजन घटणं, लघवी कमी होणं आणि पाणीही न टिकणं हा आजार. अशा बाईला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. सासरचे ‘नखरे’ म्हणतात ते यालाच. द्राक्षगर्भ त्याहून विरळा: गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखे बुडबुडे वाढतात. तो काढून टाकल्यावरही कित्येक महिने रक्त तपासत राहावं लागतं, कारण मागे राहिलेल्या पेशी क्वचित कर्करोगाचं रूप घेतात. इथेही बाईला पुन्हा बोलावणाऱ्याचंच काम.

तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सांध्यावर एक मराठी नाव जगभर घेतलं जातं. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ मध्ये जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी मुंबईत, गर्भाशयाचं तोंड सैल पडल्याने वारंवार मधल्या महिन्यांत गर्भ गमावणाऱ्या स्त्रियांसाठी एक टाका बसवला. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. मॅकडोनाल्डची सोपी पद्धत दोनच वर्षांनी आली आणि जास्त वापरली गेली, तरी ‘शिरोडकर’ हे नाव ब्राझीलपासून जपानपर्यंत शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत आहे. मुंबईच्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांनी जगाला काय दिलं याची यादी कुणी केली तर ती लांबेल. त्यातल्या दुसऱ्या एका नोंदीपाशी आपण आता येतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात बाळांच्या कक्षात काम करू लागल्या, तेव्हा धारावीपासून मुलुंडपर्यंतची कमी दिवसांची बाळं तिथे येत आणि त्यांतली बरीचशी जंतुसंसर्गाने दगावत. सिस्टर थोड्या, बाळं फार. त्यांनी पावडरचं दूध बंद केलं, नसेतल्या अनावश्यक सलाइनींना आणि अँटिबायोटिकला कात्री लावली, आणि आयांना, गरज पडली तर आज्यांना, कक्षात आत घेतलं. बाळाचे लंगोट बदलणं, बोंडल्याने दूध पाजणं, अंग कोमट आहे का हे पाहणं त्यांच्याकडे दिलं. ज्या बाळांची आई दूध देऊ शकत नव्हती त्यांच्यासाठी १९८९ मध्ये तिथेच आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दान आलेलं दूध साडेबासष्ट अंश सेल्सियसला अर्धा तास ठेवून जंतुमुक्त केलं जातं. यंत्रं नव्हती म्हणून माणसं जोडली आणि ती यंत्रांपेक्षा सरस ठरली, अशी ही गोष्ट आहे. ती आता इतक्या वेळा सांगितली जाते की तिच्यातला मूळ अडचणीचा भाग, म्हणजे सिस्टर कमी होत्या, तो सोयिस्करपणे गळून पडतो.

सिस्टरच्या डोळ्याचं मोल काय, याचं उदाहरण इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयातलं आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात सिस्टर जीन वॉर्ड कमी दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एका कावीळ झालेल्या बाळाच्या अंगावरचा पिवळेपणा गेलेला, पण चादरीचा कोपरा जिथे झाकून होता तेवढा त्रिकोण पिवळाच, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. दोन वर्षांत निळ्या दिव्याखाली बाळं ठेवण्याचा उपचार प्रसिद्ध झाला. आज उपनगरातल्या प्रत्येक नर्सिंग होममध्ये ‘बाळाला लाइटखाली ठेवलंय’ हे वाक्य ऐकू येतं. कोवळ्या उन्हात बसवण्याचा आजीचा सल्ला साध्या काविळीत चालून जातो. बिलिरुबिन चढत असेल तर घरच्या उन्हावर विसंबणं धोक्याचं, कारण मेंदूत शिरलेली कावीळ परत फिरत नाही.

नवजात बाळाची शुश्रूषा म्हणजे नेमकं काय, तर बरंचसं न दिसणारं काम. दहातल्या एका बाळाला जन्मल्यावर श्वास घ्यायला मदत लागते, शंभरातल्या एखाद्याला मोठी. ती मदत पहिल्या मिनिटात मिळावी लागते, आणि त्या मिनिटाला बाळाजवळ बहुधा सिस्टरच असते. म्हणून २००९ मध्ये केंद्राने नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात पिशवी आणि मास्कचं प्रशिक्षण परिचारिकांनाही दिलं. नाळ लगेच न कापणं, पहिली आंघोळ दुसऱ्या दिवसावर ढकलणं, जीवनसत्त्व के टोचणं, तासाभरात चिकाचं दूध पाजणं हे कागदावर सोपं आहे. मुंबईत थंडी कुठे, असं म्हणून शरीराच्या तापमानाकडे दुर्लक्ष होतं, पण सिझेरियनची खोली वातानुकूलित असते आणि ओल्या बाळाचं तापमान तिथे पाच मिनिटांत साडेछत्तीसच्या खाली उतरतं. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही, त्याला नळीने दूध द्यावं लागतं. ऑक्सिजन कमी पडला तर बाळ जातं, जास्त झाला तर डोळे जाण्याची भीती. काटा नव्वद ते पंच्याण्णवच्या मध्ये ठेवायचा. हे सगळं दर दोन तासांनी, रात्रभर.

व्हेंटिलेटरवरच्या बाळामागे प्रत्येक पाळीत एक सिस्टर असावी हा सर्वमान्य दंडक. प्रत्यक्षात एका सिस्टरकडे सहा बाळं आहेत असं धरू. बारा तासांच्या रात्रपाळीत दर दोन तासांनी दूध म्हणजे छत्तीस वेळा. प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवायचे म्हणजे बहात्तर वेळा. साबणाने नीट धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात. नुसत्या दुधापोटी पाऊण ते सव्वा तास हात धुण्यात जातो. सुया, लंगोट, वजनं, रडणारे नातेवाईक वेगळे. मग हात धुणं गळतं, आणि त्याला ‘कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा’ असं नाव मिळतं. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या २०१६ च्या अभ्यासात नवजात बाळांच्या रक्तात ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे औषधांना दाद न देणारे जंतू सर्वाधिक आढळले, आणि बरेचसे संसर्ग जन्मल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच होत होते.

भांडुपचं सावित्रीबाई फुले प्रसूतिगृह याच पार्श्वभूमीवर पाहावं लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या नवजात अतिदक्षता कक्षात काही दिवसांत चार बाळं जंतुसंसर्गाने दगावली. हा कक्ष बाहेरच्या संस्थेकडे चालवायला दिलेला होता. विधिमंडळात गदारोळ झाला, अधिकारी निलंबित झाला. एप्रिल २०२४ मध्ये भांडुपच्याच सुषमा स्वराज प्रसूतिगृहात वीज गेली असताना सिझेरियन झालेली आई आणि तिचं बाळ दोघंही गेली. मोबाइलच्या उजेडात शस्त्रक्रिया झाल्याचा आरोप घरच्यांनी केला आणि चौकशी नेमली गेली. राज्यात याआधी ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली होती. सतरांतली सात वाचवता आली. त्यानंतर अग्निसुरक्षेच्या तपासण्यांचे आदेश निघाले. जनरेटर, विद्युतभार, ठेकेदाराच्या अटी हे विषय कंटाळवाणे आहेत, म्हणून ते बाळं गेल्यावरच बातमीत येतात.

मग महाराष्ट्राने जगाला शिकवलेला धडा मुंबईला का चालला नाही? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत प्रयोग केला. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, श्वास अडला तर पिशवीने हवा देणं, संसर्गाची लक्षणं दिसताच इंजेक्शन देणं शिकवलं. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि २०११ पासून आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटी ही देशाची योजना झाली. मुंबईत डॉ. फर्नांडिस यांनीच १९९९ मध्ये उभारलेल्या ‘स्नेहा’ संस्थेने २००६ ते २००९ मध्ये, अंधेरीपासून गोवंडीपर्यंत सहा वॉर्डांतल्या ४८ वस्त्यांत चाचणी घेतली. निम्म्या वस्त्यांत बायकांचे गट बांधून माहिती, चर्चा, कृती असं काम झालं. नवजात मृत्यूंमध्ये घट दिसली नाही. निकाल हवा तसा न लागूनही तो २०१२ मध्ये जसाच्या तसा प्रसिद्ध केला गेला, याचं मला कौतुक वाटतं.

कारण माझ्या मते असं. गडचिरोलीत दवाखाना नव्हता, मुंबईत ते उदंड आहेत. इथल्या वस्तीतल्या बाईला रुग्णालयात जावं हे पटवायची गरज नाही, ती जातेच. अडचण पुढे सुरू होते: प्रसूतिगृह राजावाडीला पाठवतं, राजावाडीत जागा नाही म्हणून सायनला. बोरिवलीहून दादर रेल्वेने चोवीस किलोमीटर. रात्री रुग्णवाहिकेतून तेवढंच अंतर, द्रुतगती महामार्गाच्या कामांतून. भगवतीची जुनी इमारत पाडून नवी उभारण्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, मुलुंडच्या अगरवालचंही तेच, आणि तेवढी वर्षं तिथल्या बाळांचा भार दुसरीकडे गेला. कमी दिवसांत कळा सुरू झाल्या तर बाळाला हलवण्यापेक्षा आईला पोटातल्या बाळासह हलवणं केव्हाही चांगलं. निघण्यापूर्वी फुप्फुसं पक्व करणाऱ्या स्टेरॉइडचा पहिला डोस टोचावा. लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये न्यूझीलंडमधून हे दाखवून दिलं, आणि २०१४ पासून आपल्याकडे परिचारिकेलाही तो देण्याची मुभा आहे. इंजेक्शन काही रुपयांचं. ते न देता पाठवलेल्या बाळावर पुढे रोजचे हजारो खर्च होतात.

खासगी बाजूचं चित्र दोन टोकांचं आहे. सांताक्रूझच्या सूर्या रुग्णालयात २०१७ मध्ये बाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं ६१० ग्रॅमचं बाळ वाचलं आणि घरी गेलं. म्हणजे कौशल्य उपनगरात आहे. पण पेटीतल्या बाळाच्या महिन्याभराच्या बिलात मध्यमवर्गीय घराची बचत आटते, आणि पुष्कळ आरोग्य विमा पॉलिसी बाळाला पहिले नव्वद दिवस वेगळं संरक्षण देत नाहीत. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी दहा आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखीव असतात. त्या मिळवायला कागद लागतात, आणि ते गोळा करायला माणूस. बाप तर बाळाजवळ उभा.

घरी आलेल्या बाळाचा सव्वा महिना हा मालीशवाल्या बाईचा काळ. तेल चोळण्यात वाईट काही नाही, उलट कमी वजनाच्या बाळाची ऊब टिकायला मदत होते. डोळ्यांत काजळ, जिभेवर मध आणि उगाळलेली घुटी, नाळेवर हळद, आणि सर्वांत वाईट म्हणजे बाळाच्या छातीतलं दूध पिळून काढणं, एवढ्याला हात जोडून नको म्हणावं. जन्मल्यावर काही दिवस बाळाची छाती फुगते ती आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे, आपोआप उतरते. पिळली की गळू होतं. बाळाला उघड्या छातीशी बांधून ठेवायची कांगारू पद्धत बोगोटात १९७८ मध्ये पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झाली. भारतासह पाच देशांतल्या २०२१ च्या चाचणीत, जन्मल्याबरोबर अशी ऊब दिलेल्या एक ते १.८ किलोच्या बाळांचे मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. उपनगरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सासरा, दीर आणि टीव्ही असताना आईने छाती उघडी ठेवून तासन्‌तास बसायचं कसं, याचं उत्तर पुस्तकात नसतं. ते घरी जाणारी आरोग्य सेविकाच शोधते, कधी पडदा लावून, कधी बापाच्या छातीवर बाळ ठेवून.

तिच्या भेटीही तुटतात, कारण पहिल्या खेपेला मुलगी माहेरी जाते, किंवा बाळंतीण बाळासह गावी. दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर जन्मल्यापासून तिसाव्या दिवसाच्या आत डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. नेमक्या त्याच दिवसांत ते कणकवलीला किंवा जौनपूरला असतं. ही तपासणी सांगितलीच नाही म्हणून दृष्टी गेलेल्या तामिळनाडूतल्या मुलीला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली. घरी सोडतानाच्या कागदावर तारीख लिहून, ती आईकडून वदवून घेणं हे कुणाचं काम आहे, ते वेगळं सांगायला नको.

आणि या सिस्टर कोण? बहुतेक विशी-तिशीतल्या, स्वतःच मूल होण्याच्या वयातल्या, रात्रपाळ्या करणाऱ्या, आणि वाढत्या संख्येने ठेक्यावरच्या. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या नवव्या कलमाने गर्भपात झालेल्या नोकरदार बाईला सहा आठवड्यांच्या भरपगारी रजेचा हक्क दिला. सव्वीस आठवड्यांच्या प्रसूती रजेबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे, हिच्याबद्दल मनुष्यबळ विभागातही विचारावं लागतं. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस भरले असले की हक्क लागू होतो, आणि रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही या कायद्याचे लाभ मिळतात हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात ठरवलं आहे. अर्जासोबत गर्भपाताचा वैद्यकीय पुरावा जोडावा लागतो. पण सातव्या आठवड्यात, नाव घालण्याआधीच, घरी रक्त जाऊन मोकळी झालेल्या बाईकडे केस पेपरच नसतो. तिने दुसऱ्या दिवशी पाळीला हजेरी लावलेली असते.